तहकूब सभा

नियम सात, पोटनियम दोन :
गणसंख्या न भरल्यास सभा तहकूब करावी,
आणि अर्ध्या तासाने, त्याच जागी, तीच सभा
गणसंख्येची अट न ठेवता पुन्हा भरवावी.

चौऱ्याहत्तर साली हे जिनगोंडा मगदूमनं लिहिलं.
मळीच्या जमिनीतले क्षार मोजायचा तो.
माणसांबद्दल त्याची मोजदाद
मंडळ निघालं त्याच दिवशी पक्की झालेली दिसते.

पाच वाजून दहा.
विश्रामबागेत, प्रयोगशाळेमागची खोली.
चौदा खुर्च्या, त्यातल्या तीन
वनस्पतीशास्त्रानं 'दोन दिवसांसाठी' नेलेल्या.
म्हणजे अकरा.

वही क्रमांक एक : सायकलींना पत्र्याची शेड मिळावी.
मिळाली, ब्याऐंशीत.
तोवर मागणारे नोकरीला लागून
स्कूटरचे हप्ते फेडत होते.

वही दोन : मराठी टंकलेखन यंत्र, जुने, एक नग.
त्याचा ळ उठायचा नाही.
म्हणून त्या पाच वर्षांतल्या सगळ्या प्रबंधांत
ळ हातानं काढलेला आहे,
आणि एकाचा विषय होता हळद.
ग्रंथालयात जाऊन बघा, पानोपानी,
निळ्या शाईचे, थकत गेलेले ळ.

रझिया मुल्लाणी सचिव झाली तेव्हा
विषय क्रमांक चार : संशोधक मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी.
पुढच्या सभेत, विषय चार : कडी.
त्याच्या पुढच्या सभेत, कडी.
अकरा सभा नुसती कडी.
बाराव्या सभेत : कडी बसली.
कुणाचेही आभार मानू नयेत असे ठरले.

मग ते विद्यावेतन, नऊ महिने थकलेलं.
लेखा विभागाच्या पायऱ्यांवर चार दिवस ठिय्या.
खर्चाची नोंद : भडंग चार किलो, कांदे, लिंबं,
सतरंजी भाड्यानं.
शिरगुप्पेअण्णा खिडकीतून म्हणत,
वरून आलं नाही तर मी कुठून देऊ,
आणि म्हणता म्हणता ओंजळ पुढं करत.
भडंग संपलं. पैसे मार्चनंतर आले.

पाचवी वही पुरात सापडली.
सचिव मारुती चौकात राहायचा, वही त्याच्या कॉटखाली.
पाणी उतरल्यावर आम्ही पंख्याखाली
एकेक पान सोडवत बसलो होतो, चिकटलेल्या पापण्या सोडवाव्यात तसं.
अजून उघडली की गाळाचा वास येतो.
एका पानावर फक्त 'सर्वानुमते' वाचता येतं.
काय सर्वानुमते, ते कृष्णेला ठाऊक.

साडेपाच. सभा तहकूब.

ग्रुपवर सत्तावीस जण आहेत, सत्तावीस अंगठे.
विषय एकच होता :
परीक्षा विभागाला गठ्ठे ठेवायला खोली हवी आहे,
किल्ली सोमवारपर्यंत जमा करावी.
माझं सहावं वर्ष. द्राक्षावरची भुरी
काचपट्टीवर माझी वाट बघत असेल.
आईला मंडळ म्हणजे गणपतीचं वाटतं.
मीही आता खुलासा करत नाही.

सहाला पाच कमी असताना दारात एक मुलगा.
माडग्याळकडचा, पाठीवर सॅक, पायात धूळ.
'मॅडम, विद्यावेतनाचं हितंच विचारायचं का?'

बस, म्हटलं. सहा वाजू देत.

सहा वाजले.
मी वही सहा उघडली, तारीख घातली.
ठराव : किल्ली देऊ नये.
सूचक, मी. अनुमोदक?
'म्हणजे काय करायचं असतं?'
हात वर करायचा.
त्यानं आधी दाराकडं पाहिलं,
मग सॅक न उतरवताच
अर्धाच हात वर केला, वर्गात उत्तर चुकेल की काय
अशा भीतीनं करतात तेवढा.

पुरे आहे, म्हटलं. नाव सांग.
'बिराप्पा. बिराप्पा तुकाराम कोळेकर.'
कोळेकरमधला ळ
मी जरा सावकाश काढला.